दिव्यांग कामगार ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दिव्यांगांना नोकरी देण्याचा कायदा फक्त सरकारला लागू आहे, खासगी कंपनीला लाखोंचा खर्च येतो, अपघात वाढतात आणि एकदा घेतलेला माणूस काढता येत नाही, असं त्यात म्हटलंय. हे वाचून कुणाची नोकरी जाऊ शकते, म्हणून उत्तर देतोय.

कायद्याचं आधी. आरक्षणापुरतं मेसेजमधलं बरोबर आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातलं 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठीच आहे. पण कलम 21 नुसार खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कोणती पदं दिव्यांगांसाठी, निवड कशी होणार, संपर्क अधिकारी कोण, हे त्यात लिहावंच लागतं. कायदा मोडला तर पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर 50 हजार ते 5 लाख दंड.

आता खर्च. कायदा वाजवी सोय मागतो, मालकावर अवाजवी बोजा टाकत नाही. व्याख्येतच तसं आहे. कर्णबधिर मुलाला विजेच्या पॅनलच्या वायरिंगला बसवायचं तर हूटरच्या (कारखान्याच्या भोंग्याच्या) लाइनवर एक लाल दिवा लावायचा आणि तोंडी सूचना जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. झालं. यात लाख कुठून आले? पोरं अडतात ती शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी नाही, भरतीत. जाहिरातीत फक्त ‘फोन करा’ लिहिलेलं असतं, मग ज्याला ऐकू येत नाही त्याने करायचं काय? मुलाखत पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आयटीआय पास, हाताला सफाई, तरीही कुबड्या घेऊन आलेला मुलगा जिन्याखालूनच परत जातो. मुलाखत तळमजल्यावर घ्यायला आणि जाहिरातीत व्हॉट्सअॅप नंबर द्यायला एक रुपया लागत नाही. भरतीची ही पद्धत बदला, एवढीच माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

अपघातांचं म्हणाल तर दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेसचा (पत्रा दाबणाऱ्या यंत्राचा) रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली येत नाही, ही सोय धडधाकट ऑपरेटरच्या बोटांसाठीच केलेली असते. उत्पादन वाढवायला ती बायपास केली की बोटं जातात, कुणाचीही. आणि ज्याची जातात, तो उद्या दिव्यांग म्हणून याच ग्रुपवाल्यांच्या दारात नोकरी मागायला उभा असतो. अंध माणसाला प्रेसवर उभं करा, असं कुणी म्हणत नाही. पदांची यादी त्यासाठीच तर करायची.

राहिलं ‘काढता येत नाही’. ते कलम 20 मधून उचललंय. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढू नये, असं ते कलम आहे. खासगी कारखान्यात दिव्यांग कामगाराने कामात कसूर केली, तर इतरांना लागतात तेच नियम त्याला लागतात.