पुतळ्याच्या उंचीवर भांडण्याआधी हलब्जा बघा

नोकरीनिमित्त सुलेमानियात राहतोय, इराकच्या कुर्दी भागात, आणि घरच्या ग्रुपवर परत तोच वाद, अरबी समुद्रातलं शिवस्मारक कधी होणार, पुतळा किती उंच हवा. मला सारखं वाटतं, स्मारक नेमकं कुणासाठी हे कुणी विचारतच नाहीये.

इथलं अम्ना सुराका म्हणजे सद्दामच्या गुप्तचर खात्याचं लाल रंगाचं ऑफिस आणि तुरुंग. १९९१ च्या सद्दामविरोधी उठावात पेशमर्गा (कुर्दी लढवय्ये) आणि शहरातल्या लोकांनी ते घेतलं, पुढे म्युझियम केलं, पण गोळ्यांची भोकं बुजवली नाहीत. आत एका बोळाच्या भिंतींवर आरशाचे १,८२,००० तुकडे लावलेत, अनफाल मोहिमेत, म्हणजे सद्दामच्या फौजांनी १९८८ च्या सुमारास केलेल्या कुर्दांच्या कत्तलीत, मारलेल्या प्रत्येक माणसाचा एक (हा आकडा कुर्द सांगतात), आणि वर बारीक दिवे, उद्ध्वस्त केलेल्या गावांचे. चालताना प्रत्येक तुकड्यात आपलाच चेहरा दिसतो, कितीही घाई असली तरी पाय आपोआप मंदावतात. ज्या कुर्दांना स्वतःचा देश नाही, जे तुर्कस्तान, इराण, इराक, सीरियात विखुरलेत, त्यांना 'आम्ही कोण' हे पोरांना सांगायला अशाच जागा आहेत.

पण हलब्जा या इथल्याच कुर्दी गावाचंही ऐका. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने तिथे सुमारे ५,००० माणसं मेली. २००३ मध्ये स्मारक झालं आणि २००६ मध्ये, त्याच तारखेला, हलब्जाच्याच लोकांनी ते पेटवलं. दरवर्षी नेते पाहुण्यांना घेऊन येणार, फुलं वाहणार, भाषणं ठोकणार आणि गावात मात्र धड रस्ते नाहीत, पाणी नाही, त्याचा तो संताप होता. गोळीबारात एक पोरगा गेला. जाळायला नको होतं, मेलेल्यांच्या आठवणी होत्या आत, पण राग शंभर टक्के खरा होता. आणि १९९४ ते ९८ मध्ये दोन कुर्दी पक्षांनी एकमेकांचीच माणसं मारली, ती आठवण मांडायला तर अजून जास्त हिंमत लागेल.

आपल्याकडे गावोगावची हुतात्मा स्मारकं बघा, कित्येक ठिकाणी कुलूप आणि गवत. म्हणून मला उंचीत रस नाही. शिवस्मारकाच्या २०१६ च्या जलपूजनाच्या वेळीच मुंबईचे कोळी सांगत होते की आमच्या मासेमारीच्या जागेचं काय, आधी त्यांच्याशी बसून बोला, मग मीटर मोजा.