एक स्टार आणि ‘सर स्वतःच पडले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. गुलमर्गच्या आपल्या स्की बॅचबद्दल तुम्ही लिहिलंय की शिकवणारे सर मुळात स्नोबोर्डवाले, स्की त्यांना स्वतःला धड येत नाही, पहिला अख्खा दिवस नुसतं बूट घालून चालवलं, तिसऱ्या दिवशी सर स्वतःच सगळ्यांसमोर पडले, म्हणजे आमच्या पैशावर ते शिकले. तुमची सुट्टी मनासारखी झाली नाही त्याबद्दल मनापासून सॉरी. खरंच सॉरी.

ते सर म्हणजे मीच. स्नोबोर्डवाला आहे हे बरोबर, पण ते मी लपवलं कधी? डिसेंबरमध्ये कॉलेज रोडला मीटिंग घेतली तेव्हा तुम्ही आणि साहेब दोघंही होतात, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की नऊ वर्षं स्नोबोर्ड शिकवतोय, स्की शिकवायला आता दोन सीझन झाले, मेन टीचर गुलमर्गच्या खालच्या तंगमर्गचेच आहेत, लहानपणापासून स्कीवर आहेत, मी त्यांच्या हाताखाली असेन. तेच ग्रुपवर पण टाकलंय, अजून आहे तिथे. आणि शिकतोय म्हणजे स्की चालवायला शिकतोय असं नाही हो, शिकवायला शिकतोय, दोन्ही वेगळं असतं. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, माणूस आडवा उभा, स्कीवर तोंड सरळ उताराकडे आणि दोन पाय दोन वाटांनी पळणार, त्यामुळे नवीन माणूस घाबरून मागे कुठे झुकतो, नडगी बुटाच्या जिभेवरून कधी सुटते, हे लांबून ओळखायची नजर वेगळी लागते. ती मी तयार करतोय.

पहिल्या दिवशीच्या चालण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ते बूट कडक प्लास्टिकचे, घोटा फारसा वाकत नाही, आपण नाशिकहून गेलेली माणसं, बर्फ बघितलेला फक्त फ्रीजमध्ये. आधी बुटात चालणं, मग एकाच पायात स्की, मग आडवं आडवं उतार चढणं, हे झाल्याशिवाय कुठलाच टीचर वर नेणार नाही. आणि त्या दिवशी साडेनऊला जमायचं होतं, तुमच्या रूममधले अकरा वाजता आले, बाकीचे नऊ जण थंडीत थांबले, हे मी तेव्हा बोललो नाही, आता पण बोलणार नव्हतो.

आता पडण्याचं. हे मला खरंच लागलं ताई, कारण तुम्ही तेवढंच लिहिलं आणि त्याच्या आधीचं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचा मुलगा पिझ्झा करत, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून ब्रेक मारत, छान उतरत होता. मी त्याच्या पुढे उलटा उतरत होतो, माझं तोंड वर त्याच्याकडे, पाठ उताराकडे. लहान मुलांना असंच शिकवतात, त्याने आपल्याकडे बघावं, पायाकडे बघू नये म्हणून. उलटं जाताना पिझ्झा पण उलटा होतो, मागची टोकं जवळ, पुढची लांब. तेवढ्यात बाजूने साहेबांनी हाक मारली, ‘इकडे बघ इकडे’, त्यांचा व्हिडिओ चालू होता, पोराने मान वळवली, दोन्ही स्की सरळ झाल्या आणि तो सुटला. खाली दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे स्लेजवाले उभे होते. मी त्याला दोन्ही हातांनी धरला आणि त्याला अंगावर घेऊन बाजूला बसलो. म्हणजे पडलो. त्या झटक्यात शरीर बोर्डच्या सवयीने आडवं वळलं, स्कीची एज म्हणजे कड बर्फात अडकली, एक स्की निघून पडली. कसलेल्या स्की टीचरने त्याला धरून उभ्याउभ्या थांबवलं असतं, हे मी मान्य करतो. पण ती स्की निघाली त्याचा तुम्ही ‘सामान पण धड नाही’ असा अर्थ लावलात, तो चुकीचा आहे. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, जोरात पीळ बसला की सुटायलाच पाहिजे, नाही सुटलं तर गुडघा जातो. बोर्डचं बाइंडिंग पडलं तरी सुटत नाही. प्रत्येकाचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी बघून ते सेट करतात, तुमच्या मुलाचं मी स्वतः समोर उभं राहून करून घेतलं होतं. त्याला खरचटलं पण नाही. माझं मनगट अजून दुखतंय, गाडीचं हँडल धरताना कळतं. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही.

गंगापूर रोडच्या एका मोठ्या ग्रुपने रिव्ह्यू वाचून कालच फेब्रुवारीचं बुकिंग होल्डवर टाकलंय. माझं वर्षाचं घर तीन महिन्यांच्या बर्फावर चालतं, बाकी वर्ष हरिहर, अंजनेरीचे वीकेंड ट्रेक, त्यात काय सुटतं ते ट्रेक घेणाऱ्या कोणालाही विचारा.

तुमच्या काही गोष्टी घेतल्या आहेत. बॅच अजून लहान करता येईल का बघतोय, बुटात चालायचं इथेच नाशिकमध्ये एखाद्या रविवारी करून घेता आलं तर तिथला दिवस वाचेल, आणि कोण काय शिकवणार हे पावतीवरच लिहायचं असं ठरवतोय. पैशाचं म्हणाल तर ऑफिसला या, बसून बोलू, साहेबांना पण आणा.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, एक स्टार पण राहू दे. फक्त ‘सर स्वतःच पडले’ याच्या पुढे, कोणाला धरताना पडले, तेवढं एक वाक्य टाकाल का? व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये आहे.