मेंढीचा डोस शेळीला चालतो? चालत नाही

शेळीपालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश सतत फिरतो: ‘दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजा. मेंढीचा डोस शेळीला चालतो. लेंडीत जंत पडले की औषध लागू झालं समजा. बाजारातलं औषध तपासलेलंच असतं.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यापायी करडं मरतात.

डोसाचं आधी बोलू. शेळीचं शरीर जंताची औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. त्यामुळे मेंढीला पुरणारं अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल शेळीला कमी पडतं. ते साधारण दुप्पट लागतं. अपुऱ्या डोसात कमजोर जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. म्हणून सगळंच दुप्पट पाजायचं का? मुळीच नाही. लेव्हामिसोल हे दुसरं जंतनाशक मेंढीच्या डोसाच्या दीडपटीपुढे नेलं तर लाळ गळते, जनावर थरथरतं, दगावतंही. क्लोझँटेल हे आणखी एक जंतनाशक जास्त झालं तर शेळी कायमची आंधळी होऊ शकते. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, गर्भाला धोका असतो. डोस पशुवैद्यकाकडूनच घ्या, तोही शेळी काट्यावर तोलून.

‘तपासलेलंच असतं’, पण कोणत्या जनावरावर? सुरक्षितता तपासताना ठरलेल्या डोसाच्या एकपट, तीनपट, पाचपट औषध त्याच प्रकारच्या, म्हणजे मेंढीचं मेंढ्यांनाच, निरोगी जनावरांना देऊन परिणाम पाहतात. मेंढीवरची अशी चाचणी शेळीची हमी देत नाही. शेळीसाठी मुद्दाम तपासलेली जंतनाशकं जगभरात थोडीच आहेत.

आता लेंडीतले जंत. भाताच्या शितांसारखे दिसतात ते बहुधा पट्टकृमीचे तुकडे. शेळीला पांढरीफटक करणारा, जबड्याखाली पाणी साचवणारा हिमोंकस हा जंत वेगळाच, तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात रक्त पीत बसतो. त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, म्हणून ती मोजावी लागतात. दहा-पंधरा शेळ्यांच्या लेंडीतली अंडी औषधाच्या दिवशी मोजा, चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजा. एका ग्रॅमला सरासरी १००० अंडी होती आणि ५० किंवा त्याहून कमी राहिली, म्हणजे ९५ टक्के घट, तर औषध चालतंय. ४०० राहिली तर त्या औषधावर पैसे घालणं थांबवा.

सगळ्या कळपाला एकदम पाजणंही नको. बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. खालची पापणी उलटून पाहा: लालभडक असेल तर थांबा, फिकट असेल तर औषध द्या. या तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचा तक्ता तयार झाला, फामाचा नावाचा. पापणी फक्त रक्त पिणाऱ्या जंताचं सांगते. हगवण किंवा खंगणं दिसलं तर लेंडीच तपासा.

लेंडी जमिनीवरून उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्या, पिशवीतली हवा काढून तोंड बांधा, थंड ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा.