पाच वर्षांचे नूतनीकरण

गेल्या आठवड्यात आमच्या 1984 सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या नोंदणीचे नूतनीकरण करून आणले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला परिवहन कार्यालयात नेऊन, पर्यावरण कर भरून, ती अजून रस्त्यावर धावण्याच्या लायकीची आहे हे सिद्ध करावे लागते. निरीक्षकांनी दिवे, वायपर आणि ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून घेतला आणि मग बॉनेट उघडून चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायला सांगितली. काळ्या धुरकट पट्टीतून एकेक आकडा पांढरा उमटत गेला, तेव्हा लहानपणी नाण्यांचे ठसे घेत असू त्याची आठवण झाली. आमदारांचेही नूतनीकरण पाच वर्षांनीच होते. फक्त त्यांचे ब्रेक कोणी तपासत नाही, हॉर्न तेवढा सगळ्यांना ऐकू येतो.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार, मूळ रूपात जपलेले पन्नास वर्षांपुढचे वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे आमच्या पद्मिनीला 2034 पर्यंत थांबणे भाग आहे आणि तोवर ती नुसती जुनी गाडी, भंगारवाल्यांच्या भाषेत 'माल'. राजकारणात मात्र पन्नाशीचा गृहस्थ 'युवा नेता' म्हणून फलकावर झळकतो. एकाच वयाला गाडीच्या बाबतीत वारसा आणि माणसाच्या बाबतीत उमेद म्हणणारी भाषा कोणत्या कोशात सापडेल, हे मी आमच्या दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड चाळूनही सांगू शकणार नाही.

शब्दांचे निघाले म्हणून सांगतो, आमचे मिस्त्री ज्या सहजतेने 'स्टेपनी' म्हणतात, तो शब्द मुळात वेल्समधील लानेली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा आहे. मोटारींना जादा चाक नसण्याच्या काळात, 1904 च्या सुमारास, तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर बसवायचे सुटे चाक काढले आणि त्याला आपल्या रस्त्याचे नाव दिले. विलायतेत आज तो शब्द बोलण्यातून गेला. आपल्याकडे मात्र पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. युतीतल्या छोट्या पक्षालाही आपण स्टेपनीच म्हणतो, आणि ते अगदी चपखल आहे, कारण तीही वर्षानुवर्षे डिक्कीत हवेविना पडून असते आणि नेमकी गरज पडते तेव्हाच तिची आठवण होते. 'राजीनामा' हा दुसरा आवडता शब्द. फारसीत त्याचा सरळ अर्थ राजी असल्याचा कागद, पण तो लिहून देताना कोणी राजी असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

डिसेंबरात अधिवेशन आले की सिव्हिल लाइन्समध्ये गाडी काढायचीच नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. 1953 च्या नागपूर कराराने ही हिवाळी वर्दळ आपल्या पदरात टाकली. मोर्चे टेकडी रोडवर अडवले जातात आणि आपण सीताबर्डीला पोहोचायला थेट वर्धा रोडचा वळसा घेतो. पूर्वी या दिवसांत पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर एका रांगेत उभ्या दिसायच्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 साली त्यांचे उत्पादन थांबले, 2017 च्या 1 मे पासून गाड्यांवरचे लाल दिवेही उतरले, आणि आता काळ्या काचांच्या अशा उंच गाड्या येतात की आत कोण बसले आहे हे त्यांच्या कार्यकर्त्यांनाही ओळखता येत नसावे. अ‍ॅम्बेसेडरच्या खिडकीतून निदान एक कोपर तरी बाहेर दिसायचे.

यंदा तर नियम पाळायला आणखी एक कारण मिळाले आहे. गाडी कडुनिंबाखाली उभी असते, आणि परिवहन कार्यालयातून परतल्यावर तीन-चार दिवसांत एका खारीने एअर फिल्टरच्या बाजूला घरटे बांधले. मागच्या सीटचा काथ्या, माझ्या जुन्या पुसण्याच्या फडक्याच्या चिंध्या आणि निंबाची वाळकी पाने यांचा तो गोळा आहे. मिस्त्री म्हणाले, "काढून टाका साहेब, वायर कुरतडेल." मी बॉनेट हलकेच लावले. आत बोटभर लांबीची, डोळे मिटलेली तीन पिल्ले आहेत, त्यामुळे पाच वर्षांसाठी तंदुरुस्त ठरलेली आमची गाडी सध्या जागची हलणार नाही.