काठावर पास

शाळेत मी गणितात कायम काठावर पास झालो. इंग्रजीतही. त्यामुळे काठ या शब्दाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता होती. ती गेल्या जुलैत संपली.

झालं असं की, भांडी की कपडे, एक काय ते निवड, असं बायकोनं सांगितलं आणि मी धूर्तपणे कपडे निवडले. धुणार मशीन, वाळवणार दोरी, आपली फक्त मधली हमाली. इस्त्रीचं कलम करारात बारीक अक्षरात होतं. तरी शर्ट जमले, परकर जमले, मुलीची ती झिरझिरीत ओढणीसुद्धा न जाळता जमली. मग डबलबेडची चादर आली. मधलं मैदान चार हात मारले की सपाट. मी शीळ घालतच काठापाशी पोचलो.

ज्यांनी चादरीचा काठ कधी जवळून पाहिला नाही (म्हणजे शहाणी माणसं), त्यांच्यासाठी सांगतो. चादरीच्या लांबीकडच्या दोन बाजूंना विणीतलीच किनार असते, ती बिचारी गरीब. त्रास डोक्याकडच्या आणि पायाकडच्या बाजूंचा. तिथं कापड कापलेलं असतं, म्हणून दोनदा दुमडून वरून टीप मारतात. म्हणजे एकावर एक तीन पदर, आणि त्यांना बांधणारा दोरा. हा काठ मशीनमधून बाहेर येतो तेव्हा निम्मा वर वळलेला, निम्मा आत मुडपलेला, आणि सगळ्या लांबीभर तिरक्या चुण्या. दोरखंडाला पीळ असतो ना, तसा. एक काठ 90 इंच. दोन्ही मिळून 180 इंच, म्हणजे चादरीमागे 15 फूट चुणी. हे गणित मात्र मी पहिल्या फटक्यात बरोबर सोडवलं.

मी इस्त्री ठेवली आणि ढकलली. चुणी पुढं सरकली. आणखी ढकलली, ती आणखी पुढं. गणपतीच्या मिरवणुकीत मागून रेटा आला की सगळी गर्दी जशी आमच्या कोल्हापुरात पापाच्या तिकटीच्या चौकात जाऊन तुंबते, तशा सगळ्या चुण्या कोपऱ्यात जाऊन तुंबल्या. मग मी त्या कोपऱ्यातून उलट रेटल्या. त्या शिस्तीत परत आल्या.

उष्णता कमी पडतेय असं वाटून चकती तीन ठिपक्यांवर नेली. तीन ठिपके म्हणजे साधारण 200 अंश सेल्सिअस, सुती कापडाची पायरी. चादर ‘प्युअर कॉटन’ असल्याचं दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं. दोन मिनिटांत काठावर हातभर पट्टा असा चकाकायला लागला, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. कापडात पॉलिस्टर निघालं. त्याला दोन ठिपके, म्हणजे 150, पुरे असतात. दुकानाचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडं परत जायचंय, उशांचे अभ्रे घ्यायला.

दुसरी चादर खरोखर सुती होती. तिच्यासाठी बायकोच्या मैत्रिणीनं उपाय सांगितला की पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काठावर फवारायचं, जुनी घडी ढिली पडते. पडलीही, थोडीशी. पण बेडरूमला चायनीजच्या गाडीचा वास यायला लागला आणि रात्री दीड वाजता मला मंचुरियनची भूक लागली.

शेवटी मान खाली घालून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं गेलो. संध्याकाळी चादर आली ती पुस्तकासारखी चौकोनी, बघत राहावी अशी. घरी घडी उलगडली तर काठ होता तसाच. त्यानं तो आतल्या घडीत झाकला होता. जाब विचारला तर म्हणाला, “साहेब, लोक कॉलर बघत्यात. चादरीचा काठ कोण बघतंय?”

मी बघतो, हे सांगायची मला लाज वाटली.

वर पाऊस. कोल्हापूरच्या जुलैत कपडा वाळवणं हा स्वतंत्र धंदा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. अख्खं गाव सकाळी उठून तो आकडा विचारतं. आमच्या हॉलमधल्या दोऱ्यांना अशी काही पातळी नाही. तिथं तीन चादरी लोंबत असतात आणि पाहुण्याला नाटकातल्यासारखी पडदा सारून एन्ट्री घ्यावी लागते. मधला भाग दोन दिवसांत वाळायचा. काठ तीन पदरी, तो ओलाच. मग मी पंखा लावायचा, हेअर ड्रायर मारायचा, आणि काठ पार कडकडीत वाळला, की मोठ्या उमेदीनं इस्त्री घ्यायचो.

हे सगळं आण्णा खुर्चीत बसून महिनाभर बघत होते. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची तीस वर्षं शाहू मिलमध्ये गेली. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली पाया घातलेली मिल, जिच्या भोंग्यावर गाव घड्याळ लावायचं. आण्णा सूतखात्यात होते. धाग्याबद्दल त्यांना जे कळतं ते मला माझ्या पगाराबद्दलही कळत नाही. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. आणि मी विचारेपर्यंत वाट बघायची, ही त्यांची करमणूक.

एके दिवशी माझ्या हातातला ड्रायर बघून मात्र त्यांना राहवलं नाही.

“किती वाळवतोयस त्येला? पापड हाय व्हय?”

“आण्णा, ओल्यावर इस्त्री कशी करू?”

“ओल्यावरच करायची असती. आमच्या खात्यात मुद्दाम हवेत पाण्याचा फवारा सोडायचे. कोरडा धागा आडमुठा. ताणला की तुटंल, पर वळायचा न्हाई. कातडं भिजल्याबिगर चप्पल हुती का?”

म्हणजे अख्खा महिना वरुणराजा जे फुकट देत होता, ते मी वीज जाळून घालवत होतो. मुलगी बारावी सायन्सला. तिनं लगेच शास्त्र सांगितलं. कापसातले रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी शिरलं की हे हात सुटतात, आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा धरले जातात. काठ मुडपलेला वाळला, की ती मुडप पक्की. अमेरिकेत 1950 च्या दशकात रूथ बेनेरिटो नावाच्या बाईंनी सहकाऱ्यांच्या मदतीनं या रेणूंना जास्त भक्कम सांधे घालायची रीत काढली, आणि त्यातून इस्त्री न लागणारे सुती कपडे निघाले. एवढं सांगून ती इस्त्री न लागणारी जीन्स घालून क्लासला गेली.

मग आण्णांच्या हुकमाखाली कवायत सुरू झाली. चादर दोरीवर टाकतानाच दोघांनी दोन टोकं धरून काठ ताणायचा. आत वळलेली दुमड नखानं बाहेर काढत यायचं, शेंग सोलल्यासारखी. दमट असतानाच उतरवायची. उलट्या बाजूनं आधी. इस्त्री ढकलायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, वीतभर पुढं ठेवायची. चर्र आवाज, वाफेचा ढग, आणि ढगाखालून काठ असा सरळ निघाला की मी आण्णांना टाळी द्यायला हात पुढं केला. त्यांनी त्यात चहाचा रिकामा कप दिला.

चारपैकी तीन चादरी सुधारल्या. चौथीच्या तिरक्या चुण्या मात्र दाबल्या की झोपायच्या आणि घाम पुसून बघितलं की उठून बसलेल्या. आण्णांनी काठ दोन बोटांत फिरवला आणि म्हणाले, “ही इस्त्रीची केस न्हाई. टेलरकडं ने.”

गल्लीतल्या टेलरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. “मशीनचे दाते खालचा पदर पुढं वढत्यात, वरचा पदर पायाखाली दाबून मागं ऱ्हातो. घाईत शिवलं की पदर एकमेकावर तिरकं बसत्यात. वर दोरा ताणून घातलाय, तो आकसतोय. आणि कापडबी धाग्यात न्हाई, वाकडं कापलंय. इस्त्री घासून घासून म्हातारं व्हशीला, साहेब.”

चुणी म्हणून मी ज्याच्याशी दोन महिने भांडत होतो, ती मुळात शिलाई होती. माझ्या हाताचा दोष नाही, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की टेलरनं पुढं काय विचारलं ते मी नीट ऐकलं नाही.

तो म्हणाला होता, “उसवून धाग्यात फाडून परत शिवतो. थोडी आखूड झाली तर चालंल न्हवं?”

“चालेल. काठ सरळ पाहिजे.”

त्यानं टीप उसवली, कडेला कात्रीनं एक छेद दिला आणि टर्रकन आडवी फाडली. वाकडेपणाची लांब पाचर हातात आली. दुसऱ्या बाजूचीही आली. दोन दिवसांनी चादर मिळाली. काठ असा की पट्टी ठेवून रेघ मारावी. घरी येऊन मी तो प्रत्येकाला दाखवला. दूधवाल्यालाही.

रात्री बायकोनं ती पलंगावर घातली. डोक्याकडं ओढली तर पायाकडं गादी उघडी. पायाकडं ओढली तर डोक्याकडं. मूळची 100 इंचांची चादर धुऊन आटून 97 झाली होती, टेलरच्या दोन पाचरींनी सात घेतले. गादी 78 इंच लांब आणि सहा इंच जाड, दोन्ही बाजूंना उतरायला बारा धरा. हिशेब बरोबर 90 ला सुटतो, फक्त गादीखाली खोचायला काही उरत नाही.

“एवढा सरळ काठ आहे,” मी म्हणालो, “खोचायचा कशाला? दिसू दे की.”

बायकोनं तिचं टोक ओढलं. मी माझं ओढलं. दारात आण्णा पेपर घेऊन उभे होते.

“अंथरूण बघून पाय पसर म्हणून शिकवलं हुतं तुला,” ते म्हणाले. “अंथरूणच आखूड करून आणायला कुणी शिकवलं?”

आणि पंचगंगा किती फुटांवर आहे ते मोठ्यानं वाचत हॉलमधल्या चादरींतून वाट काढत निघून गेले.