विंडोज नको, असं म्हटल्यावर

"विंडोज फ्री येतं मॅडम. ओरिजिनल. ऑफिससुद्धा लाइफटाइम."

"मग ते काढून टाका आणि तेवढे पैसे कमी करा."

"फ्री आहे म्हटल्यावर कमी कशातून करणार?"

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात मी निरुत्तर झाले, आणि तो राग अजून उतरलेला नाही. मला लॅपटॉप हवा होता, आत काहीही न टाकलेला. घरी वर्षानुवर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरते, नव्यावरही तेच टाकणार. मागणी एवढीच.

शेजारी एक काका उभे होते. हातात रबरबँडनं वायर गुंडाळलेला माऊस, प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं बिल. माऊस बदलून मिळावा म्हणून आलेले. एका क्लिकला दोनदा वाजतो, हे सिद्ध करायला ते मधूनमधून तो काउंटरच्या काचेवर ठेवून टकटक करत. माझं ऐकलं आणि टकटक थांबली.

"आत काहीच नको? मग चालणार कसा?"

"मी लिनक्स टाकणार आहे."

"ते केवढ्याला पडतं?"

"फुकट."

"अहो, मग हेही फुकटच देतोय ना तो!"

विक्रेत्यानं काकांकडे अशा कृतज्ञतेनं पाहिलं की माऊस तिथेच बदलून मिळाला असता.

"मिस्टरांना विचारलंत का?"

"मिस्टरांना त्यांचा पासवर्डसुद्धा मीच सांगते."

हे काकांना आवडलं नाही. मलाही एव्हाना चेव आला होता. म्हटलं, काका, 1999 साली 15 फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात लोक थेट मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवर गेले होते, न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागायला. कंपनीनं सांगितलं, ज्यानं कॉम्प्युटर बनवला त्याच्याकडे जा. इटलीत एका गृहस्थानं मात्र पिच्छा सोडला नाही. 42 युरो परत मिळवायला कोर्टात गेला.

"42 युरो म्हणजे?"

"चारेक हजार रुपये."

"चार हजारांसाठी कोर्ट? रिकामटेकडा दिसतोय."

"कोर्टानं वर लॅपटॉपच्या कंपनीला 20,000 युरो भरपाई द्यायला लावली."

काकांनी माऊस खाली ठेवला. "वकील कोण होता त्याचा?"

तेवढ्यात विक्रेत्यानं माळ्यावरून एक खोकं काढलं. "हे घ्या, डॉस मॉडेल." खोक्यावरच्या धुळीत बोटानं नाव लिहिता आलं असतं. आत फ्रीडॉस, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉससारखी मोफत सिस्टीम. 1994 साली जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेला हा प्रकल्प मला मनापासून प्रिय आहे, पण त्याच्या सोबतीला जुना प्रोसेसर आणि चार जीबी रॅम होती. किंमत विंडोजवाल्यापेक्षा जेमतेम कमी. थोडक्यात, नको असलेली वस्तू नाकारायची तर सोबत हव्या असलेल्याही सोडा.

"कशाला एवढं?" काकांना आता माझी दया आली होती. "माझा भाचा आहे डोंबिवलीला. पाचशे रुपयांत सगळं टाकून देतो. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप. वर अँटिव्हायरस." विक्रेत्यानंही मान डोलावली. हा, ज्यानं आत्ता 'ओरिजिनल'वर एवढा जोर दिला होता!

इथे मात्र माझं हसू संपलं. चोरीचं विंडोज पाचशेला टाकून घ्या, कुणाची भुवई वर जात नाही. पैसे मोजून 'नको' म्हणा, की तुम्ही कंजूष किंवा विक्षिप्त. शेवटी विंडोजवालाच लॅपटॉप घेतला, कारण मंगळवारपर्यंत एक भाषांतर द्यायचं होतं आणि जुन्याचा स्क्रीन गेला होता. विंडोजच्या करारात लिहिलंय की अटी मान्य नसतील तर परतीसाठी उत्पादकाला विचारा. तो म्हणेल तर अख्खा लॅपटॉप परत करावा लागेल. हे मान्य-अमान्य करायचं पान दिसतं कधी, तर पैसे भरून, घरी आणून, बटण दाबल्यावर. तरी कस्टमर केअरला फोन केला.

"प्रॉब्लेम काय येतोय मॅडम?"

"काही नाही. चालतंय."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण लाइन कट झाली होती. डिस्क पुसून उबुंटू टाकलं, लिनक्सचाच एक अवतार. तरी विंडोजच्या परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये ठाण मांडून बसलेलीच आहे, आणि कीबोर्डवरची ती चार चौकटींची खिडकी तर रोज बोटाखाली येते.

दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मोठ्यानं सांगावा लागतो. काका तेव्हाही तिथेच होते, हे फोन आल्यावर लक्षात आलं.

"मॅडम, मामा म्हणाले तुमचा लॅपटॉप रिकामा आहे. रविवारी येऊ का? विंडोज इलेव्हन टाकून देतो. अगदी ओरिजिनलसारखं."