लॅपटॉप रडतोय, आधी एसएसडी की आधी रॅम?

कट्ट्यावर आलेला प्रश्न नेहमीचाच. लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. चालू व्हायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडायला वर आणखी दोन. काय करू?

प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत चार उत्तरं आली. बंड्या म्हणाला, एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) टाक. अण्णा म्हणाले, आधी रॅम. मास्तर म्हणाले, विंडोज उडव. ताई म्हणाली, त्यावर एक पैसाही घालू नकोस. मशीन नेमकं कुठे अडतंय, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही. मग जी जुंपली, तिच्यातून कामाचं बरंच निघालं. ते इथे उतरवून ठेवतोय.

बंड्याने थेट हिशोब मांडला. "डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर (तबकडीवरचा तुकडा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. हेड सरकायला बाराएक. एका वाचनाला साडेसतरा झाले ना? सेकंदाला जेमतेम सत्तावन्न वाचनं. प्रत्येक ४ केबीचं धर, सेकंदाला सव्वादोनशे केबी. विंडोज उठताना अशी फुटकळ वाचनं हजारोंनी करतं. एसएसडीला त्याच वाचनाला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतो. खोक्यावरचे ५५० एमबी विसर, तो सलग मोठी फाइल वाचायचा वेग. त्यामुळे मशीन जुनं असून साटा-२ (डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत) च असलं आणि वेग २८० वर अडला, तरी रोजच्या वापरात फारसं कळणार नाही."

"हिशोब बरोबर, निदान चूक," अण्णा म्हणाले. "विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली की तू डिस्कला धरतोस. ४ जीबीत विंडोज आणि दहा टॅब मावत नाहीत. मग रॅममधली पानं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलली जातात आणि लागली की परत ओढली जातात. ती बिचारी डिस्क रॅमचं काम अंगावर घेऊन धापा टाकतेय."

अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे, आणि बहुतेक सल्ले इथेच घसरतात. पण दोन्हींतला फरक दहा मिनिटांत कळतो. मशीन चालू करून काहीही न उघडता दहा मिनिटं तसंच ठेवायचं. तरीही डिस्क १०० टक्क्यांवरच असेल आणि टास्क मॅनेजरमधला 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शेकड्यांनी मिलिसेकंद दाखवत असेल, तर दुखणं डिस्कचं किंवा मागे चाललेल्या एखाद्या अपडेटचं. मग रोजचे टॅब उघडायचे आणि मेमरीच्या पानावर 'कमिटेड' (प्रोग्रॅमांना देऊ केलेली एकूण मेमरी) हा आकडा बघायचा. ४ जीबी रॅम असताना तो ७-८ जीबीवर गेला, तर संशय पक्का होत जातो. खात्रीसाठी रिसोर्स मॉनिटर उघडायचा, मेमरीच्या टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' चा (रॅममध्ये नाहीत म्हणून डिस्कवरून आणावी लागलेल्या पानांचा) आलेख असतो. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळतोच, त्याला घाबरायचं नाही. सगळं आधीच उघडलेलं असताना नुसता टॅब बदलला आणि आलेख दरवेळी शेकड्यांत गेला, तर रॅम कमी पडतेय.

या मशीनची दोन्हीकडून बोंब असणार, हे उघड होतं. मग आधी काय? माझं मत बंड्याच्या बाजूने पडलं. एसएसडी आली की पेजफाइलसुद्धा वेगवान होते, म्हणजे रॅमची चणचण काही प्रमाणात झाकली जाते. उलट नुसती रॅम वाढवली तर चालू व्हायला लागणारी पाच मिनिटं तशीच राहतात.

अण्णा सोडतात होय! "पेजफाइल एसएसडीवर सतत लिहीत राहिली तर एसएसडी किती टिकेल?"

"सॅमसंगच्या ८७० इव्होची १ टीबी घ्या," बंड्या म्हणाला. " कंपनी ६०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तर वर्षाला ७.३ टीबी. ८२ वर्षं झाली, अण्णा. त्याच कंपनीच्या क्यूव्हीओला ३६० टीबी, तरी ४९ वर्षं."

"मग क्यूव्हीओच घेऊ की!"

"नको. ती क्यूएलसी आहे, एका सेलमध्ये चार बिट. लिखाण आधी वेगवान कॅशमध्ये जातं. मोठी फाइल टाकताना कॅश भरली की उघडा पडलेला क्यूएलसीचा वेग चांगल्या हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. डिस्क भरत आली की कॅशलाही जागा उरत नाही. सिस्टिमच्या डिस्कला टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) घ्यायची आणि १५ टक्के जागा मोकळी ठेवायची."

इथवर वाद गोडीत चालला होता. विचारणाऱ्याने फोनवर एक स्वस्तातली एम-डॉट-टू पट्टी (चपटी, लहान एसएसडी) दाखवली आणि तिघेही एकदम ओरडले. चौथ्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्कच बसते. एम-डॉट-टू खाच असलीच तरी ती फक्त साटावाली असू शकते. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेल, असं नाही. पट्टीच्या पिनांमध्ये दोन चिरा असतील तर ती बहुधा साटा, एकच चीर असेल तर बहुधा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळी, वेगवान जोडणी). हे 'बहुधा' महत्त्वाचं आहे, कारण दोन चिरांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्यात. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय घ्यायची नाही. लांबीही तिथेच कळते: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, २२४२ म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. अडीच इंची डिस्कमध्येही जुनी ९.५ मिमी जाड आणि नवी ७ मिमी असेल, तर खालीवर हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट लावावी लागते.

रॅमच्या बाबतीत अण्णांचा शब्द शेवटचा. "टास्क मॅनेजरमध्येच 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. एकपैकी एक की दोनपैकी एक, ते आधी बघ. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डावरच डकवलेली, तिला हात लावता येत नाही. तुझ्या पिढीत डीडीआर-३-एल लागते, १.३५ व्होल्टची. १.५ व्होल्टची साधी डीडीआर-३ खाचेत अगदी नीट बसेल, पिना २०४ च आहेत, पण कमी विजेच्या 'यू' प्रोसेसरवर मशीन उठणारच नाही. तुझ्याकडे एक ४ ची आहे, शेजारी ८ ची लाव. पहिले ४ अधिक ४ दोन्ही वाटांनी (चॅनेलांनी) चालतात, उरलेले ४ एकाच वाटेने. तोटा फारसा नाही."

इतका वेळ ताई गप्प होती. ती बोलली तेव्हा मात्र सगळ्यांचा सूर बदलला. "तुम्ही सुटे भाग विकत घेऊन मोकळे झालात. जुन्या डिस्कची तब्येत कोणी पाहिली? क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तीन ओळी बघा: ०५, सी-५ आणि सी-६. ०५ म्हणजे खराब म्हणून बदलून टाकलेले सेक्टर, सी-५ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचे बाकी असलेले, सी-६ म्हणजे तपासणीत वाचता न आलेले. सी-५ शून्याच्या वर असेल तर हळू चालण्याचं कारण रॅमही नाही आणि विंडोजही नाही. डिस्क एकेका सेक्टरवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतेय. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' मधली खराब सेक्टर शोधायची तपासणी अजिबात लावायची नाही. ती अख्खी डिस्क घासून काढते आणि मरायला टेकलेली त्यातच मरते. आधी कामाच्या फायली बाहेर काढायच्या. सगळीच डिस्क हवी असेल तर लिनक्समधून डीडी-रेस्क्यू हा प्रोग्रॅम, नोंदीची मॅप फाइल देऊन. पहिल्या फेरीत अवघड भाग सोडून द्यायचा, दुसऱ्या फेरीत तीनदा प्रयत्न."

"आणि सी-७ वाढत असेल तर?" बंड्या.

"तर डिस्क बरी आहे. केबल किंवा कनेक्टर सैल."

ताईचा दुसरा मुद्दा उष्णतेचा. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की स्वतःच वेग कमी करतो. मग एसएसडी टाकूनही 'सुरुवातीला पळतं, अर्ध्या तासाने मरतं' अशी तक्रार येते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' समोर 'येस' दिसतंय का, ते पाहायचं. मशीन थंड असूनही वेग ०.८ गिगाहर्ट्झवरच खिळलेला असेल तर भानगड वेगळी: चार्जर ओळखला जात नाहीये किंवा बॅटरी गेलीये, म्हणून बोर्ड प्रोसेसरला दाबून ठेवतोय. तिथे प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून शष्प फरक पडत नाही.

उघडायचंच असेल तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरणं. पंख्यावर हवा मारताना पाती काडीने अडवून धरायची, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. खरी धूळ पंख्यावर नसते, पंखा आणि तांब्याच्या पत्र्यांच्या मधे तिचा नमदा झालेला असतो, तो बाहेर ओढून काढायचा. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंवर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने थोडेथोडे आवळायचे आणि उलट क्रमाने सैल करायचे. जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी तांदळाएवढी पुरे. शेजारच्या चिपांवर थर्मल पॅड असतील तर तिथे पेस्ट चोपडायची नाही, फट भरून निघत नाही. आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल कोणी सुचवलं तर कान बंद करा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं.

"एवढं करूनही व्हिडिओ अडखळणार," ताईने शेवटचा टोला हाणला. "व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतींतली एच-२६४ चौथ्या पिढीला हार्डवेअरमध्ये उलगडता येते. व्हीपी-९ नीट यायला सातवी पिढी लागते, एव्ही-१ ला अकरावी. यूट्यूब बहुतेक या दोनांतलंच काहीतरी पाठवतं, मग सगळा भार प्रोसेसरवर." त्यावर उपाय आहे. ब्राउझरमध्ये एच-२६४-इफाय हे एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब एच-२६४ पाठवतं. १०८० पर्यंत काम भागतं, त्यावर नाही. पंख्याचा आवाज मात्र तेवढ्यानेही उतरतो.

विंडोजवर आल्यावर मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीही नोंदणी केली तर. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून, टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपसह. "रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवताना ही अट काढून टाकता येते," बंड्या म्हणाला. येते. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा तसाच पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावी लागते, आणि पुढे चालेलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज ११ च्या चोवीस-एच-टू आवृत्तीपासून पॉपकाउंट हा आदेश (इन्स्ट्रक्शन) न कळणाऱ्या प्रोसेसरवर विंडोज उठतच नाही. कोअर-टू-ड्युओवाल्यांचा विषय तिथेच संपला, चौथ्या पिढीला अडचण नाही.

मास्तरांचा पर्याय लिनक्स मिंट २२, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह. आधार २०२९ पर्यंत. "इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ. वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का, हे चार तपास. वायफाय दिसलं नाही तर बहुतेक ब्रॉडकॉमची चिप असते. फोन यूएसबीला लावून त्याचं इंटरनेट घ्यायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकायचा."

"आणि त्याच्या ऑफिसच्या एक्सेलमधल्या मॅक्रोंचं काय?" ताईने विचारलं.

मास्तरांनी विषय बदलला. हा वाद तिथेच लोंबकळत राहिला आणि राहणारच. मॅक्रो किंवा एखादं विंडोजपुरतंच सॉफ्टवेअर लागत असेल तर लिनक्सचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. फक्त ब्राउझर आणि मेल असेल तर अट काढून चढवलेल्या विंडोजपेक्षा मिंट बरं, असं मला वाटतं. बंड्याला वाटत नाही.

शेवटी राहिला प्रश्न क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) की नव्याने इन्स्टॉल. इथे चक्क एकमत झालं: नव्याने. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, डिस्क बदलली तरी टिकतो. परवान्याची किल्ली (प्रॉडक्ट की) विचारली की 'माझ्याकडे नाही' म्हणून पुढे जायचं आणि तीच आवृत्ती निवडायची, होम असेल तर होम. क्लोनच करायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आधी थांबवायचा, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची, आणि क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली असली पाहिजे. दोन्ही डिस्कांची सही एकच असते, एकत्र दिसल्या की विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं. बायोसमधला साटाचा मोडही मधेच बदलायचा नाही, रेड (RAID) वरून एएचसीआयवर नेला की निळा पडदा आलाच.

"मग जुनी डिस्क फॉर्मॅट करून यूएसबीच्या डबीत घालू?" विचारणाऱ्याने विचारलं.

"डबीत घाल," ताई म्हणाली, "फॉर्मॅट महिनाभर करू नकोस. ब्राउझरमधले पासवर्ड, मेलची पीएसटी फाइल आणि सी ड्राइव्हच्या मुळात टाकलेली फोल्डरं, या तीन गोष्टी हमखास मागे राहतात. आणि सी-५ शून्य नसेल तर त्या डिस्कवर पुढे काहीच ठेवू नकोस."